पाणबुडीच्या सुकाणू आणि दिशादर्शन यंत्रणेचे सुटे भाग: ड्रॉइंग हातात आलं म्हणजे काम झालं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरीत तुमचं सीएनसी वर्कशॉप आहे, आजवर वाहन कंपन्यांचं जॉब वर्क केलंत. आता एका मोठ्या पुरवठादाराकडून पाणबुडीच्या स्टिअरिंग हायड्रॉलिक्सचे आणि नेव्हिगेशनच्या उपकरणांचे काही भाग करून देण्याची विचारणा आली आहे. काही भागांची ड्रॉइंग आहेत, काहींचा नुसता जुना नमुना. तुम्ही विचारलंय, ‘आमचं मशीन पाच मायक्रॉनमध्ये (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काम करतं, मग आम्हाला हे का जमू नये? आणि मुठीत मावेल एवढ्या व्हॉल्व्हचे परदेशी कंपन्या लाखो रुपये कशाचे घेतात?’

माझी नोकरीची बहुतेक वर्षं मुंबईत पाणबुड्यांच्या दुरुस्तीत गेली, कंट्रोल आणि इलेक्ट्रिकलच्या बाजूला. निवृत्तीनंतर पुरवठादारांकडून आलेले भाग तपासून देतो. खाली जे लिहितोय ते सगळं उघड माहितीतलं किंवा कुठल्याही कारखान्याला लागू पडणारं आहे. एखाद्या पाणबुडीवर नेमकं काय बसवलंय, त्याचे आकडे काय, हे मी सांगणार नाही आणि तुम्हीही कुठे लिहू नका. पुरवठादाराने दिलेलं ड्रॉइंग व्हॉट्सॲपवर टर्नरला पाठवायची सवय असेल तर ती आजच बंद करा.

आता उत्तर. हो, जमेल. तुमची अडचण मशीनची नाहीच. तुमचा भाग मूळ भागासारखाच वागतो हे टेस्ट बेंचवर आणि कागदावर सिद्ध करावं लागतं, आणि पुढची पंधरा-वीस वर्षं प्रत्येक लॉटमागे पुन्हा सिद्ध करावं लागतं. लाखो रुपये लागतात ते मुख्यतः याचे.

किती सिद्ध करावं लागेल हे मात्र भाग कुठे बसतो त्यावर अवलंबून आहे, म्हणून पुरवठादाराला पहिला प्रश्न तोच विचारा. भागाच्या एका बाजूला समुद्राचं पाणी आहे का? ३०० मीटर खोलीवर दर चौरस सेंटिमीटरवर साधारण ३० किलोचा दाब असतो. दहा सेंटिमीटर व्यासाच्या एका झाकणावर तो जवळजवळ २.४ टन होतो. तसा भाग असेल तर तुम्ही सर्वांत कडक दर्जाच्या कामाला हात घालताय. पाणी नाही, पण पाणबुडीचा कोन, खोली किंवा दिशा त्या भागावर ठरते का? तसं असेल तर कडकपणा तेवढाच, तपासणी वेगळ्या प्रकारची. दोन्ही नसेल, म्हणजे कन्सोलचं कव्हर, नॉब, केबल क्लॅम्प, रॅकची रेल असं काही असेल, तर तुमच्यासारख्या वर्कशॉपने तिथूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या गटाबद्दल, म्हणजे कोन, खोली किंवा दिशा ठरवणाऱ्या भागांबद्दल, जरा सविस्तर बोलतो, कारण तुमच्या यादीतले बरेच भाग त्यातले दिसतात.

पाणबुडीच्या शेपटीकडे आडवी आणि उभी पाती असतात. आडवी पाती, म्हणजे हायड्रोप्लेन, नाक वर-खाली करतात. उभं सुकाणू डावीकडे-उजवीकडे वळवतं. पाती हलवायला तेलाच्या दाबावर सरकणारा दांडा, म्हणजे हायड्रॉलिक रॅम, असतो. कन्सोलवर चालकाने दांडी हलवली की विजेचा सिग्नल सर्व्हो व्हॉल्व्हकडे जातो, व्हॉल्व्ह तेलाची वाट उघडतो आणि रॅम सरकतो. पातं किती फिरलं याची बातमी सिंक्रो या कोन मोजणाऱ्या किंवा तशा सेन्सरकडून परत कन्सोलवर येते. मूळ सिग्नल आणि ही परतीची बातमी जुळली की व्हॉल्व्ह बंद होतो. या साखळीतला कुठलाही भाग बदलला की साखळीचा स्वभाव बदलतो.

पाणबुडी १२ नॉट्सने (ताशी सुमारे २२ किलोमीटर) चालली आहे आणि मागची पाती अडकून नाक २० अंश खाली गेलं असं समजा. दर सेकंदाला ती दोन मीटरहून जास्त खाली जाते, म्हणजे अर्ध्या मिनिटात साठ मीटरच्या वर. आपल्या कलवरी वर्गाच्या पाणबुडीची लांबी ६७.५ मीटर आहे, त्यावरून अंदाज घ्या. आत चाळीस-पन्नास माणसं असतात. पातं अडकलंय हे चालकाच्या लक्षात येणं, पर्यायी यंत्रणेवर जाणं, वेग कमी करणं, गरज पडली तर टाक्यांत हवा सोडणं, हे सगळं त्याच अर्ध्या मिनिटात बसवायचं असतं. म्हणून तुमच्या व्हॉल्व्हच्या स्पूलकडे आम्ही इतकं निरखून बघतो.

स्पूलवरच थांबतो, कारण चांगल्या वर्कशॉपची सवय तिथे नडते. स्पूल म्हणजे खाचा असलेली एक दांडी, स्लीव्हच्या आत सरकणारी. दोघांमधली फट काही मायक्रॉनची असते आणि दोघं एकमेकांत लॅप करून, म्हणजे बारीक घासून, जोडीनेच तयार होतात. एकटा स्पूल बदलायचा नसतो, जोडी बदलायची असते. इतपत तुम्हाला माहीत असेलच. पण तुमच्याकडे प्रत्येक जॉब मशीनवरून उतरला की एक मुलगा त्याच्या कडा एमरीने मारतो, बरोबर? सगळ्या धारदार कडा मोडायच्या हा वाहन उद्योगातला शिरस्ता आहे. स्पूलच्या त्या कडा मात्र धारदारच राहायला हव्यात, कारण तेल किती सुटणार हे नेमकं त्याच कडेवर ठरतं. कड जराशी गोल झाली तर व्हॉल्व्ह मधल्या स्थितीत असतानाही तेल झिरपतं, पातं जागेवर स्थिर राहत नाही, सारखं थोडं पुढे थोडं मागे करत राहतं. ऑटोपायलट ते सावरायला जातो आणि डोलणं वाढवतो. शिवाय त्याचा आवाज होतो, आणि पाणबुडीला आवाज परवडत नाही. व्यास मोजला तर मायक्रॉनला बरोबर भरेल, कड कोणी मोजतच नाही. अशा कामासाठी बर, म्हणजे कडेवर उरलेले धातूचे बारीक कंगोरे, काढणारा माणूस वेगळा ठेवा, त्याला भिंगाखाली काम करायला शिकवा आणि कडेचा फोटो लॉटच्या फाइलला लावा.

आता नमुन्यावरून केलेले भाग. जुना नमुना म्हणजे बहुतेक वेळा झिजलेला नमुना, हे आधी मनात पक्कं करा. माझ्या तपासणीत एकदा सुकाणूच्या लिंकेजचे, म्हणजे जोडदांड्यांचे, बुश (ज्यात पिन फिरते त्या नळ्या) आले होते. पुरवठादाराने थ्री-डी स्कॅन करून अगदी नमुन्याबरहुकूम बनवले होते, फिनिश सुंदर होता. नमुन्यातलं भोक एका बाजूला झिजून लंबगोल झालं होतं. सॉफ्टवेअरने त्यात बसणारं गोल वर्तुळ काढलं आणि सगळा नवा लॉट जन्मतःच ढिला निघाला. लिंकेजमध्ये असा खुळखुळा आला की कन्सोलवरचा कोन आणि पात्याचा खरा कोन यांत फरक पडतो. नमुन्यावरून काम करायचं तर झीज न झालेली जागा शोधून माप घ्या. समोरच्या भागाचं, म्हणजे त्यात बसणाऱ्या पिनचं, माप मागून घ्या. एकाऐवजी शक्य तितके नमुने मागा. आणि मापांवरून फिट कोणता, म्हणजे पिन किती घट्ट-सैल बसावी, हे अभियंत्याकडून ठरवून, मंजूर करून घ्या. स्कॅनरला आकार कळतो, डिझाइन करणाऱ्याच्या मनातला फिट त्याला कळत नाही.

धातूचंही तेच. रशियन बनावटीच्या भागांच्या ड्रॉइंगवर १२एक्स१८एच१०टी असा ग्रेड बऱ्याचदा दिसतो. ‘स्टेनलेसच आहे ना’ म्हणून नेहमीचं ३०४ ग्रेडचं स्टेनलेस लावणारे पुरवठादार मी पाहिलेत. त्या रशियन ग्रेडमध्ये टायटॅनियम असतं, तो आपल्याकडच्या ३२१ च्या जवळ जातो. वेल्डिंगच्या उष्णतेने स्टीलमधल्या कणांच्या सीमांवर क्रोमियम कमी पडू नये यासाठी ते टायटॅनियम असतं. ३०४ ने तोच भाग केला तर दिसायला फरक नाही, पाण्याच्या दाबाची हायड्रो टेस्टही पास होईल, पण खाऱ्या पाण्यात काही वर्षांनी वेल्डच्या कडेने तो आतून पोखरला जाऊ शकतो. पर्यायी ग्रेड वापरणं गुन्हा नाही. न विचारता वापरणं चूक आहे. लेखी परवानगी घ्या, ती मिळते.

हे रशियन भाग आपल्याकडे नमुन्यावरून करायची वेळ का आली, याचं कारण तुम्हाला उपयोगी पडेल. सिंधुघोष वर्गाच्या दहा पाणबुड्या १९८६ ते २००० या काळात आपल्याकडे आल्या. त्यांचं डिझाइन सोव्हिएत, आणि सुटे भाग बनवणारे कारखाने अख्ख्या सोव्हिएत संघात विखुरलेले. १९९१ च्या डिसेंबरात संघच उरला नाही. काही कारखाने नव्या देशांत गेले, काही बंद पडले, काहींनी दुसराच माल बनवायला घेतला. पश्चिमेकडची गोष्टही फार वेगळी नाही. शिशुमार वर्गातल्या पहिल्या दोन पाणबुड्या जर्मनीत कीलला बनल्या आणि पुढच्या दोन, शल्की आणि शंकुल, मुंबईत आपल्या माझगाव डॉकमध्ये. पण १९८७ मध्ये या खरेदीतल्या दलालीचं प्रकरण निघालं, त्या बनवणाऱ्या जर्मन कंपनीशी व्यवहार गोठले आणि पाचवी-सहावी पाणबुडी झालीच नाही. माझगावला तयार झालेले हात विखुरले. २००५ चा स्कॉर्पीन करार (आजच्या कलवरी वर्गाचा) होईपर्यंत नव्या पाणबुडीचं काम तिथे आलं नाही. पाणबुडी तीस-पस्तीस वर्षं चालते. तेवढ्या काळात देश मोडतात, करार मोडतात, कंपन्या विकल्या जातात. विशाखापट्टणमला सिंधुकीर्ती २००६ मध्ये रिफिटला, म्हणजे मोठ्या दुरुस्तीला, लागली ती २०१५ मध्ये बाहेर पडली. एवढ्या लांब रखडण्यामागे कारणं अनेक असतात. पण जुन्या जहाजाच्या रिफिटमध्ये भागाची वाट पाहणं म्हणजे काय, हे त्या कामात असलेल्या कोणालाही विचारा.

भाग मिळाला नाही की एका पाणबुडीचा काढून दुसरीला लावतात. हे जगभर चालतं. ब्रिटनच्या सरकारी लेखापरीक्षकांनी २०१७ मध्ये यावर अहवाल दिला, त्यात त्यांच्या नौदलात पाच वर्षांत असे प्रकार ४९ टक्क्यांनी वाढल्याचं नोंदवलं होतं. अमेरिकेने तर अख्खं नाकच बदललं: ‘सॅन फ्रान्सिस्को’ ही पाणबुडी जानेवारी २००५ मध्ये ग्वामजवळ समुद्रातल्या डोंगरावर आदळली, तेव्हा सेवेतून निघत असलेल्या ‘होनोलुलू’चा पुढचा भाग कापून तिला जोडला. तातडीच्या वेळी दुसरा मार्ग नसतो. पण प्रत्येक वेळी काढण्या-लावण्यात चांगल्या भागाचे बोल्ट, सील, कनेक्टर झिजतात आणि एका बिघाडाचे दोन होतात. तुम्ही वेळेवर दिलेला एक साधा बुश हे टाळतो. या कामाबद्दल मला आस्था वाटते त्याचं हे एक मोठं कारण आहे.

आता दिशादर्शनाकडे येतो. पाण्याखाली जीपीएस चालत नाही, रेडिओ लहरी खाऱ्या पाण्यात फार खोल जात नाहीत. मग पाणबुडी आपला ठावठिकाणा आतूनच मोजते: वळण मोजणारे जायरो आणि प्रवेगमापक असलेली इनर्शियल यंत्रणा, पाण्यातला वेग मोजणारा लॉग, खोलीचा सेन्सर, तळ मोजणारा एको साउंडर. यांतली चूक साचत जाते. लॉग एक टक्क्याने चुकला आणि पाणबुडी ६ नॉट्सने दिवसभर चालली, तर २४ तासांनी नकाशावरची जागा दीड नॉटिकल मैलाच्या आसपास, म्हणजे अडीच किलोमीटरहून जास्त, चुकलेली असू शकते. उथळ पाण्यात किंवा मासेमारीच्या जाळ्यांजवळ तेवढं पुष्कळ झालं.

जायरो तुम्ही बनवणार नाही. तुमच्या यादीत दिसतोय तो जायरोचा ट्रे, म्हणजे ज्यावर ते युनिट बसतं ती प्लेट. पत्र्याच्या कामाइतका सोपा दिसतो म्हणून लोक तो हलक्यात घेतात. युनिट काढून नवं बसवलं की दर वेळी संपूर्ण अलाइनमेंट पुन्हा करायला लागू नये म्हणून ट्रेवर दोन डॉवेल पिन असतात. पाणबुडीच्या मध्यरेषेशी युनिटचा कोन त्या दोन पिन राखतात. समजा दोन डॉवेलमध्ये ३०० मिलिमीटर अंतर आहे. एक भोक अर्धा मिलिमीटर आडवं सरकलं तर दिशा ०.१ अंशाने चुकते. १०० नॉटिकल मैल चालल्यावर तेवढ्या कोनाने तीनशे मीटरहून जास्त बाजूला गेलेले असता. भोक ०.०५ मिलिमीटरमध्ये ठेवलं तर चूक दहापट कमी होते. तुमचं मशीन हे आरामात करेल. पण प्लेट रफ मशीनिंगनंतर ताण काढायला ठेवली नाही तर फिनिश केल्यावर काही आठवड्यांत ती पीळ घेते, आणि तुमच्या सीएमएमचा (मोजमापाच्या यंत्राचा) रिपोर्ट कितीही सुंदर असला तरी जहाजावर ती वाकडीच बसते. मोजमाप दोनदा करा: काम झाल्यावर लगेच, आणि काही दिवस ठेवून पुन्हा. होकायंत्र किंवा चुंबकीय सेन्सरजवळचा भाग असेल तर चुंबकत्वही बघा. ३०४ सारखं स्टेनलेस थंड अवस्थेत वाकवलं की थोडं चुंबकीय होतं. साधा चुंबक लावून पाहणं ही सुरुवात झाली, ड्रॉइंगवर मर्यादा दिली असेल तर उपकरणाने मोजावं लागतं.

इथपर्यंतचं एका ओळीत: जागा विचारा, कड सांभाळा, झिजलेल्या मापावर विसंबू नका, ग्रेड न विचारता बदलू नका. पुढचे दोन विषय तुम्ही विचारले नाहीत, पण पुरवठादार ते तुमच्या गळ्यात घालण्याची शक्यता आहे.

पहिला इलेक्ट्रॉनिक कार्डांचा. तीस वर्षं जुन्या कन्सोलमधली आयसी, म्हणजे चिप, आज कुठलीच कंपनी बनवत नाही. वाटा तीन. एक, उत्पादक बंद करण्याची नोटीस देतो तेव्हाच आयुष्यभराचा साठा घेऊन ठेवणं. दोन, तेच माप, तीच जागा, तेच काम असलेलं नवं कार्ड डिझाइन करणं. तीन, बाजारात शोधणं. तिसरी वाट सर्वांत स्वस्त दिसते आणि सर्वांत घातक आहे. अमेरिकेत २०१४ मध्ये एका माणसाने न्यायालयात कबूल केलं की चीन आणि हाँगकाँगमधून आणलेल्या हजारो बनावट आयसी त्याने नौदलाच्या कंत्राटदारांना विकल्या, त्यांतल्या काही ग्रोटनच्या पाणबुडी तळावर वापरासाठी होत्या. जुन्या कार्डांवरून काढलेल्या आयसीचं वरचं अक्षर घासून नवी तारीख छापणं हा तिकडे चालणारा धंदा आहे. अशी आयसी बेंचवर चालते आणि समुद्रात तापली की दगा देते. मी स्वतः तर अधिकृत वितरकाची साखळी दाखवता आली नाही तर आयसी स्वीकारायला नकार देतो, भले रिफिट थांबो.

शिवाय जुलै २००६ पासून युरोपात इलेक्ट्रॉनिक्समध्ये शिशावर बंदी आली. लष्करी उपकरणांना सूट होती, पण भाग बनवणाऱ्यांनी लष्करासाठी वेगळी लाइन चालवली नाही. आज बाजारातल्या बऱ्याच भागांच्या पायांवर शुद्ध कथिलाचा मुलामा असतो, आणि त्यातून काळाच्या ओघात केसासारखे बारीक धातूचे तंतू उगवतात. शेजारच्या पायाला टेकले की शॉर्ट. तुमच्याकडे कार्ड जोडायचं काम आलं तर पायांवर कसला मुलामा आहे हे खरेदीच्या ऑर्डरमध्येच लिहून घ्या.

दुसरा विषय रबराचा. ओ-रिंग आणि सील यांना वय असतं, ते पाकिटात पडूनही वाढतं. नायट्राइल रबराचं साठवणीचं आयुष्य साधारण १५ वर्षं धरतात, तेही थंड, अंधाऱ्या जागी, ताण न देता ठेवलं तर. पाकिटावर रबर पक्कं केल्याची तिमाही आणि वर्ष छापलेलं असतं. ते नसलेलं पाकीट घेऊ नका. पत्र्याच्या शेडमध्ये, एप्रिल-मेच्या उन्हात, मोटरच्या शेजारी खिळ्याला ओ-रिंगांची माळ लटकलेली मी किती वर्कशॉपमध्ये पाहिली आहे. त्यातली एकही रिंग हायड्रॉलिक ॲक्च्युएटरमध्ये जाता कामा नये. जुन्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचंही थोडंफार असंच. वर्षानुवर्षं साठ्यात पडलेलं कार्ड थेट पूर्ण व्होल्टेजवर लावायचं नसतं, हळूहळू व्होल्टेज चढवून ते आधी ठिकाणावर आणावं लागतं.

आता कागदांबद्दल. हा भाग तुम्हाला कटकट वाटणार आहे, म्हणून थोडा इतिहास सांगतो. १० एप्रिल १९६३ ला अमेरिकेची ‘थ्रेशर’ खोल पाण्यातल्या चाचणीत बुडाली, १२९ माणसं गेली. तपासातून पुढे आलेल्या कारणांत पाण्याच्या पाइपाचा ब्रेझ केलेला सांधा होता. वर यायला टाक्यांत हवा सोडायची तर उच्च दाबाच्या हवेतला ओलावा गाळणीच्या जाळीवर गोठून वाट बंद झाली असावी, हेही पुढे आलं. त्याच वर्गातल्या दुसऱ्या पाणबुडीवर धक्क्याला चाचणी घेतली तर तिथेही जाळीवर बर्फ धरला. बारीकशी जाळी. त्यानंतर अमेरिकेने सबसेफ ही पद्धत आणली: पाणी बाहेर ठेवणारा आणि पाणबुडीला वर आणणारा प्रत्येक भाग, त्याचा धातू, त्याचं वेल्डिंग, तपासणारा माणूस, सगळ्याचा पुरावा कागदावर हवा. संगणकाने चालणाऱ्या सुकाणू यंत्रणेसाठी त्यांनी पुढे अशीच स्वतंत्र प्रमाणपत्राची पद्धत केली. सबसेफ प्रमाणपत्र असलेली एकही पाणबुडी तेव्हापासून बुडालेली नाही.

आणि तरीही कागद खोटे निघू शकतात. टॅकोमा शहरातल्या एका फाउंड्रीत एका धातुतज्ज्ञ बाईंनी १९८५ पासून २०१७ पर्यंत अमेरिकी पाणबुड्यांच्या कास्टिंगच्या ताकदीचे आकडे बदलून लिहिले. नापास कास्टिंग पास दाखवली. २०२१ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला आणि २०२२ मध्ये अडीच वर्षांची शिक्षा झाली. पाणबुडी बुडाली नाही, पण तिथले भाग कुठे कुठे बसलेत हे शोधून त्यांवर नजर ठेवण्यासाठी नौदलाला मोठा खर्च आणि वेळ घालवावा लागला. तुमच्या कामगाराने कंटाळून मागच्या लॉटचे आकडे पुढच्या लॉटला उतरवले तर ते याच जातीचं काम आहे. टेस्ट नापास झाली तर नापास लिहा. नापास लॉटमुळे पुरवठादार फार तर चिडेल, पण तुमच्याकडचं पुढचं रेकॉर्ड विश्वासाचं राहील.

म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं? कच्चा माल येतो तेव्हा हीट नंबर, म्हणजे धातू ज्या खेपेत वितळवला तिचा क्रमांक, दांडीवर ठोकलेला आहे का बघा. दांडी कापली की तो नंबर प्रत्येक तुकड्यावर उतरवा, तुकडा मशीनवर चढायच्या आधी. टेस्ट सर्टिफिकेट धातू बनवणाऱ्या मूळ कारखान्याचं घ्या, दलालाच्या लेटरहेडवरचं चालत नाही. एक तुकडा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं मंडळ) मान्यता असलेल्या लॅबमध्ये स्वतःच्या खर्चाने तपासा. इलेक्ट्रॉनिक किंवा इलेक्ट्रिकल भाग असेल तर कंपन, दणका, दमट हवा, क्षारयुक्त फवारा अशा चाचण्या जेएसएस ५५५५५ या आपल्या लष्करी प्रमाणाप्रमाणे मागतात. त्यासाठी तुम्हाला लांब जायला नको, अंधेरीला ईआरटीएल आहे, पुण्यात एआरएआय आहे, दोन्ही चाचणी करणाऱ्या संस्था. चाचणीची तारीख मिळायला वेळ लागतो, तो कोटेशनमध्ये धरा.

तुमच्या किमतीच्या प्रश्नाचं उत्तर यात बरंचसं आलं. व्हॉल्व्ह महिन्याला हजार विकला तर चाचणीचा खर्च हजारांवर वाटला जातो. पाणबुडीसाठी वर्षाला चार लागतात. चारांसाठी तोच फिक्स्चर, तोच टेस्ट रिग, तीच इन्स्पेक्शन. त्यात परदेशी कंपनी ‘दुसऱ्या कोणाकडे जाणार?’ याचेही पैसे लावते, हे मी नाकारत नाही. तेवढा भाग देशी पुरवठादाराने कमी करायचा आहे. चाचणीचा भाग कमी करून स्वस्त देणारा पुरवठादार मात्र मला दारात नको.

कधी कधी बाजारातला तयार भागही चालतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. अमेरिकेच्या व्हर्जिनिया वर्गात पेरिस्कोपच्या जागी कॅमेरे बसवलेले खांब, म्हणजे मास्ट, आले, ते फिरवायला आधी बनवलेली दांडी सुमारे ३८ हजार डॉलरची होती. त्याऐवजी ‘कोलोरॅडो’ या २०१८ मध्ये दाखल झालेल्या पाणबुडीवर एक्सबॉक्सचा तीस डॉलरच्या आतला कंट्रोलर लावला. नव्या खलाशांना तो हातात बसलेला असतो, बिघडला तर दुसरा लावायचा. पण त्याने कॅमेरा फिरतो, पाणबुडी वळत नाही. कॅमेरा दोन मिनिटं बंद पडला तर कोणी मरत नाही. म्हणून मी सुरुवातीला जागेचा प्रश्न विचारायला सांगितला.

शेवटी व्यवहाराचं. संरक्षण मंत्रालयाचं सृजन पोर्टल ऑगस्ट २०२० पासून चालू आहे. आयात होणाऱ्या आणि देशात करून हव्या असलेल्या वस्तूंच्या याद्या तिथे असतात; माझगाव डॉकसारख्या कारखान्यांच्या वस्तूही सापडतात. तिथे बघा आणि स्वतःच्या नावाने इच्छा नोंदवा, कायम दुसऱ्याच्या खाली जॉब वर्क करत राहू नका. जून २०२३ मध्ये शिशुमार वर्गातल्या शंकुशच्या रिफिट आणि आयुष्यवाढीसाठी माझगाव डॉकशी २,७२५ कोटींचा करार झाला. कलवरी वर्गाच्या सहा पाणबुड्यांपैकी पहिली २०१७ मध्ये आणि शेवटची, वागशीर, जानेवारी २०२५ मध्ये दाखल झाली. त्यांच्याही रिफिट ओळीने येतील, म्हणजे काम आहे. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर माल स्वीकारल्यावर ४५ दिवसांच्या आत पैसे देण्याचं कायद्याचं बंधन खरेदीदारावर आहे, पण स्वीकृती तपासणी पास झाल्यावरच होते. तेवढे महिने खेळतं भांडवल अडकणार हे धरून चाला. वाहन उद्योगासारखं दर पंधरवड्याला बिल निघणार नाही.

तुमच्या यादीतून मी असं निवडेन: कन्सोलची कव्हरं, रेल आणि क्लॅम्प आत्ता घ्या. लिंकेजचे बुश घ्या, पण पिनची मापं आणि लेखी मंजूर फिट मिळाल्यावरच. जायरोचा ट्रे घ्या, ताण काढायची सोय आणि पुन्हा मोजायला वेळ असेल तर. स्पूल-स्लीव्ह जोडीला दोन वर्षं थांबा. तोवर लॅपिंगचा माणूस तयार करा आणि एक छोटा टेस्ट रिग उभा करा. सर्व्हो व्हॉल्व्हची कार्डं जोडून द्या म्हणाले, तर आयसीचा स्रोत लेखी मिळेपर्यंत नाही म्हणा. ग्रेड, फिट किंवा मुलाम्याबद्दल शंका आली तर भागाचं नाव आणि ड्रॉइंग नंबर गाळून इथे विचारा, मी सांगेन.